टेलरबाईंचा उजवा पाय

डोळ्यांच्या डॉक्टरांनी टेलरबाईंना एवढंच सांगितलं होतं, "बाई, अधूनमधून जरा लांब बघत जा." लांब म्हणजे किती, हे डॉक्टरांनी सांगितलं नाही आणि बाईंनीही विचारलं नाही. दुसरं कुणी असतं तर खिडकीतून समोरच्या गच्चीवर वाळत घातलेले कपडे बघून मोकळं झालं असतं. टेलरबाईंचं सगळंच मापात. त्यांनी तीनशे मीटर लांब बघायला घेतलं आणि तेही बंदुकीच्या दुर्बिणीतून.

वयाच्या चोपन्नाव्या वर्षी बाई रायफल क्लबात गेल्या, हे ऐकून गल्लीतले लोक आधी हसले आणि मग दुकानासमोरून जाताना जरा जपून चालायला लागले. खरं सांगायचं तर घाबरण्यासारखं काही नव्हतं. बाईंचं दुकान दहा फूट बाय आठ फूट. त्यात एक मशीन, एक कापायचं टेबल, कपडे घालून बघायला एक पडदा आणि पडद्यामागे एक आरसा. या खोक्यात बाईंनी तीस वर्षं काढली होती आणि त्या तीस वर्षांत त्यांची नजर सुईच्या पलीकडे हातभरसुद्धा गेली नव्हती. डॉक्टरांना डोळ्यांत मोतीबिंदूची सुरुवात दिसली होती. घाई नाही, चार-पाच वर्षं सहज निघतील, असं ते म्हणाले. बाईंनी त्यातलं 'चार-पाच वर्षं' तेवढं लक्षात ठेवलं.

रविवारी त्या गावाबाहेरच्या टेकडीवर फिरायला लागल्या. टेकडीच्या पलीकडच्या अंगाला रायफल क्लबचं मैदान होतं. तारेचं कुंपण, लाल झेंडा, एक पत्र्याची शेड आणि लांबवर मातीच्या भिंतीपुढे उभी केलेली कागदी टार्गेटं. क्लबचे रेंजमास्तर तिथे तिवईवर दुर्बीण लावून बसलेले असत. बुटके, करड्या मिशांचे आणि कुणी शिंकलं तरी हजेरीवर लिहून ठेवतील असे. बाईंनी कुंपणापाशी उभं राहून विचारलं, "मी बघू का हो जरा?" रेंजमास्तरांनी का कोण जाणे, होकार दिला. बाईंनी दुर्बिणीला डोळा लावला, दहा सेकंद बघितलं आणि म्हणाल्या, "तुमचा तिसरा कागद तिरका चिकटवलाय. डाव्या बाजूने बोटभर खाली आलाय."

रेंजमास्तरांनी खात्री करायला माणूस पाठवला. कागद बोटभर खाली होता. तेव्हाच त्यांनी बाईंना आत बोलावून प्रवेशाचा अर्ज दिला.

पुढे कागदपत्रं झाली, चौकशी झाली, फोटो झाले. बाईंच्या यजमानांना हे सगळं फॉर्मवर सही करायची वेळ आली तेव्हा कळलं. यजमान पंखे, मिक्सर, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करत. सगळे त्यांना पंखेवाले म्हणत. घरातलं स्वयंपाकघराशेजारचं टेबल हाच त्यांचा कारखाना. पंख्याला हात लावायच्या आधी ते नुसतं ऐकत आणि सांगत, बेअरिंग गेलंय, नाहीतर पातं घासतंय. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "अगं, एवढी वर्षं तुझ्या कात्रीला मी भीत आलो, ते कमी पडलं का तुला?"

"कात्री तीनशे मीटर जात नाही," बाई म्हणाल्या.

सुरुवात पन्नास मीटरवर झाली, क्लबच्या जुन्या बंदुकीने. तिच्यावर दुर्बीणही जुनीच होती, कडेला एक चरा गेलेली. बाईंच्या शेजारच्या जागेवर एक वकीलसाहेब सराव करत. त्यांच्याकडे सगळं नवंकोरं आणि परदेशी होतं. दुर्बीण एवढी मोठी की बंदूक तिला लटकवल्यासारखी वाटायची. वकीलसाहेब मनाने चांगले, पण सल्ला देण्याची त्यांना खोड. पहिल्याच दिवशी त्यांनी बाईंना नेमबाजीचं जाकीट घ्यायला सांगितलं. बाईंनी विचारलंही नाही, सरळ त्यांच्या जाकिटाची बाही उलटी करून आतली शिवण बघितली. "दोन धुण्यांत उसवेल हो हे," त्या हळहळून म्हणाल्या. पुढच्या रविवारी बाई स्वतः शिवलेलं जाकीट घालून आल्या. जुन्या जीन्सचं कापड, कोपरांना फाटक्या बॅगेचं चामडं, खांद्यावर चार पदरी गादी. वकीलसाहेब ते जाकीट बघत राहिले आणि महिन्याभरात आपलं उसवलेलं जाकीट घेऊन गुपचूप दुकानात आले.

बंदूक टेकवायला वाळूच्या पिशव्या लागतात. त्या बाजारात मिळतात. बाईंनी त्याही उरलेल्या तुकड्यांच्या शिवल्या, वाळू धुऊन, चाळून, वाळवून भरली आणि तोंडाला तिहेरी टीप मारली. अर्ध्या क्लबने तशाच पिशव्या मागितल्या. बाई म्हणाल्या, "शिवून देते, वाळू ज्याची त्याने आणायची."

रेंजमास्तर या सगळ्यावर खूश होते, पण ते तोंडावर दाखवणाऱ्यातले नव्हते. त्यांचं म्हणणं साधं होतं. नव्या माणसाने सामानावर पैसे उधळू नयेत. उधळायचेच असतील तर काडतुसांवर उधळावेत आणि त्याहून जास्त वेळ रिकाम्या बंदुकीवर घालवावा. नेम धरायचा, श्वास अर्धा सोडायचा, तिथेच थांबायचं, चाप हळूच ओढायचा आणि आवाज झाल्यावरही जागचं हलायचं नाही. बस. त्यांनी बाईंना घरी सरावासाठी क्लबची लाकडी बंदूक दिली. तिच्यात गोळी जायला जागाच नव्हती, चाप ओढला की नुसती 'टक' वाजायची. शिवाय त्यांनी वही ठेवायला सांगितली. बाईंच्या दुकानात मापांची वही होतीच. तिच्यातच त्यांनी मागच्या पानांपासून लिहायला घेतलं. छाती, कंबर, उंची, बाही असे रकाने छापलेले होते. छातीच्या रकान्यात बाई किती गोळ्या मारल्या ते लिहीत, कमरेच्या रकान्यात किती लागल्या, उंचीच्या रकान्यात ऊन आणि बाहीच्या रकान्यात वारा. एकदा चुकून एका गिऱ्हाइकाचा शर्ट वाऱ्याच्या मापाने बेतला गेला, पण तो त्याला बरा बसला.

पन्नास मीटरवर बाईंचं छान चाललं होतं. सुईत दोरा ओवताना श्वास धरायची सवय तीस वर्षांची, बोट हलकं, डोळा मापाचा. आठ महिन्यांत त्या क्लबातल्या पहिल्या पाचांत आल्या. पण त्यांचं मन तिथे रमत नव्हतं. पन्नास मीटरची रेंज शेडच्या आत होती, तीन भिंतींच्या मध्ये. म्हणजे पुन्हा दुकानच. लांब पल्ल्याची रेंज मात्र उघड्यावर होती, टेकडीच्या अंगावर. समोर मोकळं गवत, वाऱ्याची तीन निशाणं आणि पलीकडे इतकं लांब दिसायचं की बाईंना पहिल्यांदा तिथे आडवं पडल्यावर हसूच फुटलं. रेंजमास्तरांनी विचारलं, "काय झालं?" बाई म्हणाल्या, "काही नाही. बरं वाटलं."

लांब पल्ल्यावर पाचच जागा होत्या आणि पाचही भरलेल्या. त्या वर्षी पाच नंबरच्या म्हाताऱ्या सभासदाने मुलीकडे राहायला जायचं ठरवलं आणि जागा रिकामी झाली. नियम असा की, यादीत वर असणाऱ्याने तिथे तीन महिने सराव करायचा आणि मग परीक्षा. दहा गोळ्या, तीनशे मीटर, खाऊच्या ताटलीएवढं काळं वर्तुळ, त्यात निदान आठ बसल्या पाहिजेत. पास झालं तर जागा कायमची. नापास झालं तर नाव यादीच्या तळाला आणि पुन्हा नंबर यायला चांगली तीन वर्षं. रांगेत सर्वांत वर बाईंचंच नाव होतं. तीन वर्षांनी आपल्या डोळ्यांत किती धुकं असेल, ते बाईंना माहीत नव्हतं. त्यांना ती जागा हवी होती. आयुष्यात त्यांनी फारसं काही मागितलं नव्हतं, पण हे हवं होतं. लहान मुलासारखं हवं होतं.

आणि नेमकं तिथेच घोडं अडलं.

तीनशे मीटरवर बाईंच्या दहांतल्या पाच गोळ्या वर्तुळात जायच्या, अगदी एकमेकींना चिकटून. उरलेल्या पाच मात्र उजवीकडे वर पळायच्या. कुठलीही पळायची. कधी पहिली, कधी सहावी. वारा नव्हता तेव्हाही पळायची. वकीलसाहेब म्हणाले, "दुर्बीण बदला बाई, तो चरा भोवतोय." रेंजमास्तरांनी काही न बोलता बाईंचीच बंदूक घेतली, त्याच पिशव्यांवर टेकवली आणि दहा गोळ्या मारल्या. दहाच्या दहा आत. वकीलसाहेबांनी दुर्बिणीचा विषय सोडला.

मग रेंजमास्तर त्यांच्या शेजारी आडवे पडले आणि एकेक गोष्ट तपासायला लागले. गाल नीट टेकलाय. खांदा पक्का आहे. श्वास योग्य जागी थांबतोय. बोट तर असं चालतंय की वर्गात उदाहरण म्हणून दाखवावं. वकीलसाहेब दुसऱ्या बाजूने वाकून बघत होते. दोन आठवडे हे चाललं. थोडक्यात काय, बाईंचा पुढचा अर्धा भाग सगळ्यांनी नीट तपासला. मागच्या अर्ध्याकडे बघायचं कुणाला सुचलं नाही.

परीक्षेला सात आठवडे उरले होते. बाईंनी घरी येऊन पंखेवाल्यांना सांगितलं की त्या दुर्बीण घेणार आहेत. नव्या मशीनसाठी बाजूला टाकलेले पैसे होते, ते मोडणार होत्या. पंखेवाले म्हणाले, "पण मास्तरांच्या दहा आत गेल्या ना, त्याच दुर्बिणीतून?"

"गेल्या. मग काय करू? मीच बिघडलेय म्हणू?" बाईंचा आवाज चढला. पंखेवाल्यांनी ओळखलं की हा रागाचा नाही, रडण्याच्या अलीकडचा आवाज आहे, आणि ते मुकाट्याने पंखा खोलायला बसले.

बाई बाहेरच्या खोलीत फरशीवर आडव्या झाल्या. समोरच्या भिंतीवर शर्टाचं काळं बटण चिकटवलेलं होतं, ते त्यांचं घरचं टार्गेट. लाकडी बंदूक खांद्याला लावली. टक. थोड्या वेळाने पुन्हा टक. आत पंखेवाल्यांनी मान वर केली. त्यांना वाटलं, आपल्या हातातल्या मोटारीत काहीतरी सैल आहे. त्यांनी मोटार खाली ठेवली. तरी आवाज आलाच. टक आणि त्याला चिकटून एक बारीकसा ठप. ते उठून दारात आले.

"पुन्हा कर बघू."

"अहो, मला करू द्या, मध्ये बोलू नका."

"अगं, कर तर खरं."

टक. ठप. पंखेवाले गुडघ्यांवर बसले, मग पोटावर झोपले आणि त्यांनी कान फरशीला लावला. "आणखी एकदा." टक. ठप. "आणखी." टक. ठप, या वेळी जरा जोरात. पंखेवाले तसेच सरपटत मागे मागे गेले आणि बाईंच्या उजव्या पायापाशी थांबले.

"टेलरबाई," ते गंभीरपणे म्हणाले, "तुम्ही टीप मारताय."

बाईंना वाटलं, ही वेळ थट्टेची आहे का? त्या त्यांच्यावर डाफरल्या. पंखेवाल्यांनी वाद घातला नाही. शिवणाच्या डब्यातलं दोऱ्याचं रीळ काढलं आणि बाईंच्या उजव्या अंगठ्याला टेकवून ठेवलं. "आता मार." बाईंनी नेम धरला, श्वास थांबवला, चाप ओढला. टक. रीळ घरंगळत निघालं, खोली ओलांडली आणि कपाटाखाली गेलं.

बाई उठून बसल्या. तीस वर्षं त्यांच्या हाताने आणि पायाने जोडीनेच काम केलं होतं. हाताने कापड पुढे सारलं की पायाने मशीनचा पायटा दाबायचा. महत्त्वाची जागा आली, श्वास रोखला, बोट नेमकं चाललं की पाय आपोआप पुढे. बोटाने चाप ओढला की पायाला वाटायचं, आपलं बोलावणं आलं. तो बिचारा इमानेइतबारे फरशी दाबायचा आणि सगळं अंग केसभर पुढे ढकलायचा. कधी हलकं, कधी जोरात, जशी बाईंची घाई असेल तसं. पन्नास मीटरवर हा केस लपून जायचा. तीनशे मीटरवर त्याची वीत व्हायची.

"एवढ्या मोठाल्या लोकांनी मला तपासलं," बाई म्हणाल्या, "आणि पायटा कुणाला दिसला नाही?"

"त्यांच्यापैकी कुणाची बायको शिवणकाम करत नसेल," पंखेवाले म्हणाले. मग दोघंही फरशीवर बसून इतकं हसले की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काठी आपटली.

दुर्बिणीचे पैसे जिथल्या तिथे राहिले. रेंजमास्तरांना हे कळलं तेव्हा त्यांच्या मिशा पहिल्यांदा हलल्या. त्यांनी पाय बाहेर वळवून टाच जमिनीला टेकवायला शिकवलं. बाईंनी महिनाभर रोज सकाळी अर्धा तास अंगठ्याला रीळ लावून सराव केला. रीळ जागचं हललं नाही की वहीत बरोबरची खूण. रेंजवर सहा झाल्या, मग सात, मग एका रविवारी आठ.

पण पाय म्हणजे काही पंखा नव्हे, बटण दाबलं की बंद व्हायला. रेंजवर पाय गप्प राहायला शिकला तो दुकानातही गप्प राहायला लागला. कॉलरचं टोक वळवताना बाई श्वास रोखत आणि नेमक्या त्याच क्षणी मशीन थांबे. बाई पायाकडे बघत, पाय शहाण्यासारखा स्थिर. एका गिऱ्हाइकाच्या पँटची टीप तीन ठिकाणी अडखळली. ते विचारायला लागलं, "बाई, बरं नाही का तुम्हाला?" बाईंनी ती पँट उसवून पुन्हा शिवून दिली. पोट ज्याच्यावर भरतं ते मशीन आणि जीव ज्याच्यात अडकला ती बंदूक, दोघांची मारामारी एकाच पायावर चालली होती.

उपाय बाईंनाच सापडला. मशीनवर त्या नेहमी अनवाणी बसत. तर मग रेंजवर नाडीचे जाड बूट घालायचे आणि सरावसुद्धा बूट घातल्याशिवाय करायचा नाही. बूट म्हणजे गप्प, अनवाणी म्हणजे काम. चार दिवसांत पायाला समजलं. पंखेवाले म्हणाले, "हा पाय आहे की शिपाई? गणवेश चढवल्याशिवाय ड्युटी कळत नाही."

परीक्षा रविवारी सकाळी दहाला होती. आदल्या दिवशी संध्याकाळी चौकातल्या हॉटेलचा मॅनेजर सहा वेटरांची जाकिटं घेऊन आला. सगळ्यांची बटणं बदलायची आणि बगला सैल करायच्या, कारण नवा कंत्राटदार जुन्यापेक्षा बरं जेवण घालत होता. बाईंना नाही म्हणता आलं नाही. रविवारी सात वाजता त्यांनी दुकान उघडलं, पाय मोकळे केले आणि कामाला लागल्या. सव्वानऊला पंखेवाल्यांनी बाहेर स्कूटरचा हॉर्न वाजवला. बाईंनी शेवटचं बटण टाचलं, जाकीट, पिशव्या, वही सगळं उचललं, शटर ओढलं आणि मागे बसल्या. रेंजवर पोचून नाड्या आवळायला त्या वाकल्या आणि तशाच वाकून राहिल्या. पायांत चपला होत्या. बूट कापायच्या टेबलाखाली, जिथे सकाळी नीट जोडीने ठेवले होते तिथे.

परत जायला-यायला तास लागला असता. रेंजमास्तरांनी घड्याळ बघितलं. "चपला चालतील," ते म्हणाले, "नियमांत पायांविषयी काही लिहिलेलं नाही." बाई चपला घालून आडव्या पडल्या आणि रिकाम्या बंदुकीचा चाप ओढून बघितला. पाय झटकन खाली गेला, अगदी हजर असल्यासारखा. सकाळपासून दोन तास त्याने तेच तर केलं होतं.

वकीलसाहेब आपले बूट काढायला लागले. पण ते बाईंच्याही पायांपेक्षा लहान निघाले, त्यामुळे त्यांची भलाई तिथेच थांबली. तोवर पंखेवाले खडीवर बसून स्वतःच्या नाड्या सोडत होते. त्यांचे बूट काळे, ग्रीसचे डाग पडलेले आणि बाईंना दोन नंबर मोठे. बाईंनी पिशवीतून कापडाचे तुकडे काढून टोकात कोंबले, नाड्या गच्च आवळल्या आणि उभ्या राहून दोनदा पाय आपटून बघितले. पंखेवाले मोज्यांवर उभे होते. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. "टेलरबाईंचा नवरा," कुणीतरी म्हणालं आणि सगळी रेंज हसली. बाईसुद्धा हसल्या.

मग सगळ्यांनी कानांवर गोळ्यांचा आवाज अडवणारी झाकणं चढवली. पंखेवाल्यांनाही एक जोड दिली. ज्यांचं आयुष्य कानांवर चाललं त्यांचे कान बंद झाले.

बाई पाच नंबरवर आडव्या झाल्या. गवत मंद हलत होतं, मधलं निशाण डावीकडून बोटभर उचललेलं होतं. त्यांनी टाच जमिनीला टेकवली. बूट जड होता, अनोळखी होता, पण बूट होता. पहिली गोळी गेली. बाई जागच्या हलल्या नाहीत, शिकवलं होतं तशाच पडून राहिल्या. दुसरी, तिसरी. चौथीच्या वेळी त्यांना मशीनवरची जाकिटं आठवली आणि मनात काहीतरी चुकचुकलं. गोळी कुठे गेली ते त्यांना कळलं नाही. परीक्षेत मध्ये कुणी काही सांगत नाही. पाचवी, सहावी. सातवीला वारा पडला आणि बाईंना घाई झाली. मग त्यांनी डोळे मिटले, पूर्ण श्वास घेतला आणि स्वतःला सांगितलं, शेवटच्या तीन सावकाश, पुन्हा उसवावं लागणार नाही असं. आठवी, नववी, दहावी.

बंदूक रिकामी करून, उघडून ठेवून बाई उठल्या. पलीकडे मातीच्या भिंतीखालच्या खंदकात एक माणूस बसायचा, तो टार्गेट खाली ओढून भोकं मोजायचा आणि वॉकीटॉकीवर सांगायचा. त्याला पाच मिनिटं लागत. वकीलसाहेब आपल्या भल्यामोठ्या दुर्बिणीतून बघत होते, पण टार्गेट खाली गेलेलं होतं. बाईंनी हात जाकिटाच्या खिशांत घातले.

पंखेवाले खडीवरून पाय उचलत उचलत जवळ आले. त्यांनी कानांवरची झाकणं काढली आणि म्हणाले, "आठ."

"तुम्हाला काय ठाऊक?" बाई म्हणाल्या. "उगाच आशा लावू नका हो मला."

"खरंच, यांना कसं ठाऊक?" वकीलसाहेब म्हणाले. "बाई, यांनी टार्गेटकडे एकदाही बघितलेलं नाही. मी मगाशी म्हटलंसुद्धा, अहो तिकडे बघा, तिकडे. हे आपले तुमच्या मागे खाली बसलेले, मान घालून."

बाईंनी नवऱ्याकडे बघितलं.

"बूट बघत होतो," पंखेवाले म्हणाले. "चौथीला टोक हललं. सातवीलाही जरा हललं. बाकी आठ वेळा अगदी गप्प."

वॉकीटॉकी खरखरली. रेंजमास्तरांनी ती कानाजवळ नेली, ऐकलं आणि एक शब्दही न वाढवता सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पाच नंबर. आठ आत. दोन उजवीकडे वर."

वकीलसाहेबांनी पहिली टाळी वाजवली. रेंजमास्तर वही काढायला शेडमध्ये वळले आणि त्यांच्या मिशा पुन्हा एकदा हलल्या म्हणतात, पण ते पाठमोरे होते. बाईंना हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणीही, दोन्ही एकदम. चार-पाच वर्षं. ती सगळी वर्षं आता या मोकळ्या गवतावर, उन्हात, इतक्या लांबवर बघत जाणार होती. जागा त्यांची होती.

"अहो, पण एवढं लांब आलात," त्यांनी नाक पुसत विचारलं, "आणि टार्गेटकडे एकदासुद्धा बघावंसं वाटलं नाही तुम्हाला?"

"तिकडे सगळेच बघत होते की," पंखेवाले म्हणाले. "तुझ्याकडे कोण बघणार होतं?"

बाईंनी पंखेवाल्यांचा हात घट्ट धरला आणि नवऱ्याच्या बुटांतून फटक फटक चालत, त्याला खडीवरून तसाच मोज्यांवर ओढत, सही करायला शेडकडे निघाल्या.